अकरा पानांचा अर्ज

१० जानेवारी, शनि.
ड्राइव्हवेवरचा बर्फ दोनदा साफ केला, तिसऱ्यांदा सोडून दिला.

अर्जाची सातवी आवृत्ती पुरी. अकरा पानं. प्रत्येक चौकटीत किती अक्षरं मावतात ते स्वतः लिहून पाहिलं. कुठेही 'वगैरे' नाही, 'शक्य असल्यास' नाही. शिरीषला पाठवला. तासाभरात फोन: "मास्तर, असा बिनचूक फॉर्म डिस्ट्रिक्टवाल्यांना सात जन्मांत जमणार नाही." एक शब्द बदलला नाही त्यानं. बोर्डाचा अध्यक्ष आहे, बदलू शकला असता.

बोर्डावर सगळे डिग्रीवाले. मी 'सल्लागार', प्रवेशाच्या कमिटीत. चालेल. सहावी ते आठवीची चार्टर शाळा, म्हणजे पैसा सरकारी पण कारभार सरकारी डिस्ट्रिक्टबाहेर, आमच्या बोर्डाचा; पोरांना रोज दोन तास टूलरूम, आणि ती टूलरूम मी मांडणार. भोसरीच्या शेडमधून निघालेला, आयटीआय अर्धवट सोडलेला माणूस अमेरिकेत शाळेची टूलरूम मांडतोय. हे इथं लिहून ठेवतो, बाहेर कुणाला सांगणार नाही.

विनया क्लिनिकमधून आली, अर्ज चाळला. "अकरा पानं?" एवढंच म्हणाली. फिजिओथेरपिस्ट आहे, दिवसभर फॉर्मच भरते. तिला कौतुक नसणार.

१७ जाने., शनि.
सोडतीचं पिंप तयार. पारदर्शक ॲक्रिलिक, दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या चकत्या. जागा साठ, अर्ज जास्त आले तर सोडत काढायची हा कायदाच आहे. मग ती नीट काढायची.

गोळे नायलॉनचे. अडचण अशी की गोळ्यावर आकडा खोदला की वजन बदलतं. ८ ला खोदाई जास्त, १ ला कमी. म्हणून प्रत्येक गोळ्याच्या मागच्या बाजूला भरपाईची खाच. काट्यावर एकेक तोलून. हे कुणी सांगितलं नव्हतं करायला.

लेनी आज मशीनशॉपवर नातीला घेऊन आला होता. टियाना, वय अकरा. लेनी म्हणजे आमच्या शॉपमधला सगळ्यांत जुना मशीनिस्ट. मी लागलो तेव्हा माझं इंग्रजी ऐकून बाकीचे हसायचे, हा मला कोपऱ्यात नेऊन सावकाश बोलायचा. पोरीनं गोळा उचलला, फिरवला, खाच कशाला विचारलं. सांगितलं. म्हणाली, "म्हणजे आठ चीटिंग करू शकणार नाही."

माझ्या कामाचं इतकं नेमकं वर्णन आजवर कुणी केलेलं नाही.

लेनीला म्हटलं अर्ज भर. पानं मोजून म्हणाला, "अकरा, चीफ? मी घर घेतलं तेव्हा इतकं लिहिलं नव्हतं." म्हटलं, शांतपणे भर, लॉटरीत सगळे सारखे, पिंप मी बनवलंय.

२५ जाने., रवि.
सईचा फोन. ॲन आर्बरजवळच्या डिस्ट्रिक्टच्या शाळेत चौथीला शिकवते. यंदा तिच्या वर्गातली सहा मुलं चार्टरला गेली. तिचं म्हणणं तेच. गेली ती ज्यांच्या घरी कुणीतरी फॉर्म भरत बसू शकतं ती. उरलेल्यांना घेऊन शाळा चालवायची आणि निकाल लागले नाहीत की पेपरात नावं छापून घ्यायची आम्ही.

म्हटलं, आईबापांना निवड नको का? घर ज्या गल्लीत, शाळा त्याच गल्लीतली, असं जन्मभर?

"बाबा, तू तुझी शाळा डिफेंड करतोयस. आय ॲम टॉकिंग अबाउट द किड्स हू डोंट अप्लाय."

म्हटलं, अर्ज सगळ्यांना खुला आहे. ती आईला फोन दे म्हणाली.

माझी मुलगी माझ्या कामाविरुद्ध बोलते हे बोचतं. स्वतःच्या पायावर उभं राहायला शिकवलं, आता त्याच पायांवर समोर उभी.

१३ फेब्रु., शुक्र.
मुदत संपली. लेनीनं काल अर्ज दिला. स्वतः जाऊन, पाकिटात, पाकिटावर नाव दोनदा. मला दाखवायला आणला होता, मी पाहिला नाही. कमिटीत असताना एकाचा अर्ज आधी पाहणं बरोबर नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व.

१६ फेब्रु., सोम.
शि.चा फोन. दोनशे तेरा अर्ज. म्हणजे २१३ गोळे, अधिक सात जादा. शि. खूश. "मास्तर, लोक रांग लावतायत."

शि.ची ओळख चौदा वर्षांची. विनयाच्या व्हिसावर आलो, पहिली दोन वर्षं घरी बसलो होतो. याच्याच तळघरात बसून मोजमापाच्या मशीनची मॅन्युअलं वाचली, डिक्शनरी मांडीवर. तो ऑफिसातून आला की अडलेलं विचारायचो. कधी कंटाळला नाही. 'मास्तर' नाव त्यानंच ठेवलं, कारण मी त्याच्या ड्रॉइंगमधली चूक काढली. त्या नावावर मी आजवर जगलोय, खोटं कशाला लिहू.

७ मार्च, शनि.
सोडत.

चर्चच्या हॉलमध्ये, सकाळी दहा. पिंप मधोमध टेबलावर. टेबल लेव्हलनं तपासलं, एका पायाखाली पत्र्याची पट्टी घातली.

ऑफिसमधल्या पॅमनं यादी दिली. शेवटचा नंबर १२९.

शि.ला विचारलं, २१३ होते ना? सूट घातला होता, लोकांशी हात मिळवत होता. "डुप्लिकेट, भावंडं, काही अर्धवट. नंतर बोलू." लोक बसले होते. मी १२९ गोळे आत टाकले. ट्रेमध्ये ९१ उरले. माझ्या हातानं उचलून बाजूला ठेवले आणि वर फडकं टाकलं, उरलेला माल बरा दिसत नाही म्हणून.

हे असंच लिहून ठेवतो. फडकं टाकलं.

पिंप सुंदर फिरलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी व्हिडिओ काढला.

साठ नंबर झाले. नंतर प्रतीक्षायादी, तीही संपली. लेनी मागच्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट, शेजारी टियाना, वहीत प्रत्येक नंबर लिहून घेत होती. शेवटी माझ्याकडे आला. "चीफ, तिचा नंबर कुठला होता? आम्हाला पत्र आलं नाही. म्हटलं इथं आल्यावर सांगतील."

पॅमला विचारलं. पॅम म्हणाली, ती यादीतच नाही. इनकम्प्लीट.

लेनीनं मान हलवली, हॅट घातली. टियानानं वही मिटली नाही, तशीच उघडी धरून गेली.

९ मार्च, सोम.
लेनी कामावर. मला 'चीफ' म्हणाला नाही. दिवसभरात दोन वाक्यं, दोन्ही कटिंग ऑइलबद्दल.

जेवणाच्या सुट्टीत त्याच्यासमोर बसलो. कुठलं पान राहिलं विचारलं. सातवं. टियानाची आई कुठे असते ते त्याला नक्की माहीत नाही, पोर चौथ्या वर्षापासून याच्याकडे. कोर्टाचा कागद कधी केला नाही. करायला वकील लागतो. त्यानं चौकटीत लिहिलं होतं: 'आय ॲम हर ग्रँडफादर. शी लिव्ह्ज विथ मी.'

'आईवडील नसल्यास पालकत्वाचा कोर्टाचा आदेश, नोटरीच्या शिक्क्यासह जोडावा.' वाक्य माझं. तिसऱ्या आवृत्तीत घातलं. का घातलं? कारण चौकट रिकामी बरी दिसत नव्हती.

१० मार्च, मंगळ.
अर्धी सुट्टी टाकून शाळेच्या ऑफिसात. कमिटीत आहे म्हटल्यावर पॅमनं दोन्ही खोकी काढून दिली. घेतलेले १२९, न घेतलेले ८४. बेरीज २१३. डुप्लिकेट एकही नाही.

आधी ८४. शाई निळी (मी काळी लिहिली होती). नववं पान कोरं. निबंध अडीचशे शब्दांऐवजी एका ओळीचा: 'शी लाइक्स टु फिक्स थिंग्ज.' तारखेत महिना आणि दिवस उलटे. एकानं अर्ज अरबीत भरून खाली इंग्रजी तर्जुमा जोडलाय, सुरेख अक्षरात, बाद. पहिल्या पानावर माझंच वाक्य ठळक: अपूर्ण अर्ज सोडतीत धरला जाणार नाही.

इथवर दोष माझा. मान खाली घालून घरी आलो असतो.

पण मग दुसरं खोकं उघडलं. एकतीस अर्जांवर पिवळ्या चिठ्ठ्या. शि.चं अक्षर. मराठीत.

'नोटरी नाही. फोन केला. सोमवारी आणतील.'
'निबंध विसरले. फोन केला.'
'निळी शाई. पुन्हा भरून घेतला.'

पॅम म्हणाली, ते त्याचं शॉर्टहँड, मी वाचत नाही, लावून ठेवते. नंतर, "तुला वाचता येतं?"

हो म्हटलं.

पत्ते पाहिले. सगळे मराठी नाहीत, देशीही नाहीत. पण सगळे त्याच चार-पाच सबडिव्हिजनमधले, सुखवस्तू वसाहतींतले. गाड्यांच्या कंपन्यांतले इंजिनियर, हॉस्पिटलवाले. गणपतीत आरतीला शेजारी उभी राहणारी तीन घरं. चुका त्याच. नववं पान यांचंही कोरं होतं.

परत ८४ च्या खोक्याकडे. चिठ्ठी एकाच अर्जावर. टियानाच्या.

'आजोबा. कागद नाहीत. राहू दे.'

एक भाग मोजायला वेगळ्या मापांची दोन गेज ठेवली की काय होतं हे शॉपमध्ये पहिल्या महिन्यात शिकवतात. मालक कामावरून काढून टाकतो.

फोटो काढले. सगळ्या चिठ्ठ्यांचे. पॅम बघत होती.

१४ मार्च, शनि.
शि.कडे. वहिनींनी पोहे केले होते. तळघरात बसलो, तीच खुर्ची.

फोटो समोर ठेवले. त्यानं चष्मा पुसला. नाकारलं नाही. ते बरं की वाईट, मला अजून ठरवता येत नाही.

त्याचं म्हणणं, तो बोलला त्या क्रमानं. चार्टर म्हणजे परवाना देणारी युनिव्हर्सिटी तीन वर्षांनी निकाल बघते. पहिल्या वर्षीची मुलं कच्ची निघाली तर शाळा बंद, मग माझी टूलरूमही नाही आणि लेनीची नातही नाही. एकदा पाय रोवले की सगळ्यांना घेऊ. आणि डिस्ट्रिक्ट काय वेगळं करतं? नोव्हायसारख्या महाग गावात घर घेतानाच गाळणी लागते, घराच्या किमतीची. आपण निदान फॉर्म ठेवला.

यातलं शेवटचं खरं आहे. सईलाही ते खोडता आलं नसतं. म्हणूनच जास्त चीड आली.

म्हटलं, मग एकतीस जणांना फोन कशाला?

"अरे, ओळखीचे लोक. फॉर्म पाहून घाबरतात. एक फोन केला तर काय बिघडलं?"

लेनी माझ्या ओळखीचा आहे, म्हटलं. बारा वर्षं माझ्या तोंडून त्याचं नाव ऐकतोयस.

त्यानं पोह्यांची बशी बाजूला केली. मग हळूच, जणू कौतुक करतोय अशा आवाजात म्हणाला: "फॉर्म तुझाच आहे, मास्तर. मी मुद्दाम तुला दिला. तू लिहिणार म्हटल्यावर अकरा पानं होणारच. डिग्रीवाल्यानं लिहिला असता तर दोन पानांत संपवला असता. त्याला कुणाला काही दाखवायचं नसतं."

जिना चढताना कठड्याला हात लावला नाही. वहिनी चहाचं विचारत होत्या.

गाडीत किती वेळ बसलो माहीत नाही. प्रथमच वेळ पाहिली नाही.

१५ मार्च, रवि.
सकाळी स्वयंपाकघराच्या टेबलावर स्वतःचा अर्ज स्वतः भरायला घेतला. सईसाठी, ती अकरा वर्षांची असल्यासारखा. घड्याळ लावलं.

चौथं पान, पालकांचं शिक्षण, प्रमाणपत्राची प्रत जोडावी. पेन थांबलं. पुढे गेलो. एक तास पन्नास मिनिटं. वि.नं तपासला, क्लिनिकमधले तपासते तसा, बोट फिरवत.

"नवव्या पानावर सही राहिली तुमची."

नववं पान. तिथे सहीची रेघ मी इतकी बारीक ठेवली आहे की दिसत नाही. देखणी दिसावी म्हणून.

वि. हसली नाही. म्हणाली, "आपण इथे आलो तेव्हा तुमचे सगळे फॉर्म मी भरले होते. आठवतं?" आठवतं. मी खिडकीत उभा होतो.

२२ मार्च, रवि.
सई आली. वि.नं आधीच सांगितलेलं दिसतं. मी 'मी म्हटलं नव्हतं का' ऐकायची तयारी करून बसलो होतो. ती म्हणालीच नाही. फोटो पाहिले, मराठी वाचायला वेळ लागला, 'राहू दे' दोनदा वाचलं.

"बाबा, दिस वन'स टियाना?"
हो.
"आणि बाकीचे त्र्याऐंशी?"

त्यांची नावं मी वाचली होती, पण त्यांच्यातला एकही चेहरा माझ्यापुढे आला नव्हता. हे तिला सांगितलं नाही.

युनिव्हर्सिटीच्या ऑफिसला लिही म्हणाली. म्हटलं, लिहिलं तर सोडत रद्द होईल. कदाचित शाळाच. साठ घरांत मिठाई वाटून झालीय, त्या पोरांनी काय केलं? तिनं फोटो परत माझ्याकडे सरकवले. जाताना माझ्या पाठीवर हात ठेवून गेली, लहान मुलाच्या पाठीवर ठेवावा तसा. आवडलं नाही. आवडलंही.

३ एप्रिल, शुक्र.
शि.चा फोन. तीन आठवड्यांनी. आवाज नेहमीसारखा, ते जास्त लागलं. एक जागा निघालीय, एक कुटुंब टेक्ससला चाललंय. टियानाला देतो. पत्र सोमवारी निघेल. कागदाचं बघून घेऊ.

"आणि तू ते फोटो वगैरे... राहू दे आता."

त्याला आठवलंही नसेल की हेच शब्द त्यानं चिठ्ठीवर लिहिलेत.

प्रतीक्षायादीत पहिला नंबर ४४. मी खोदलेला. तो कुणाचा मला माहीत नाही. जागा त्याची.

६ एप्रिल, सोम.
लेनीला सगळं सांगितलं. चिठ्ठ्या, एकतीस फोन, जागा, ४४ नंबर. बँडसॉमागे उभे राहून, मशीन बंद करून. वाटलं होतं चिडेल, निदान माझ्यावर. त्यानं हात पुसले, प्रत्येक बोट वेगळं.

"मी एकाहत्तर वर्षांचा आहे. मला बरोबर ठरायचं नाहीये. मला तिच्यासाठी ती जागा हवीय. घे."

म्हटलं, आणि मी बोर्डापुढे बोललो तर?

"तर जाईल. जाईल ना?"

हो.

"मग बोलू नकोस, चीफ."

महिन्याभरानं चीफ म्हणाला. ते ऐकायला मी आसुसलो होतो आणि ते या वाक्यात आलं.

संध्याकाळी निघताना थांबला. म्हणाला, पोरीला फोनवर सांगितलं मी, जागा मिळतेय म्हणून. आनंदानं ओरडली वगैरे नाही. विचारत होती, पण माझा गोळा तर आत फिरलाच नाही ना?

तू काय म्हणालास?

"मी काय म्हणणार. गोळे तुझे आहेत."

१२ एप्रिल, रवि.
युनिव्हर्सिटीला पाठवायच्या पत्राचे तीन मसुदे. पहिला चार पानी. दुसरा दोन. तिसरा अर्धं पान, आणि त्यात पहिलं वाक्य: 'हा अर्ज मी लिहिला.' त्याच्यापुढे शि.चं नाव लिहायला हात होत नाही. त्याच्या तळघरातल्या दिव्याचा उजेड अजून त्या मॅन्युअलांवर पडलेला दिसतो. त्या वेळी तो माझ्यासाठी खरोखर थांबायचा. ते खोटं नव्हतं. की तेव्हाही मला मापत होता, केव्हा कामी येईल ते?

हा प्रश्न आता मागच्या सगळ्या वर्षांना लागू होतो. चिठ्ठ्यांचं दुःख कमी आहे, याचं जास्त.

मसुदे फाडले नाहीत. पाठवले नाहीत.

दरम्यान एक पानी अर्ज तयार केला. मुलाचं नाव, वय, फोन. सही. पंधरा ओळींची जागा उरली, ती तशीच सोडली. फार जड गेलं.

२१ एप्रिल, मंगळ.
संध्या. ६.१०. चर्चच्या पार्किंगमध्ये, गाडीत. बोर्डाची मीटिंग साडेसहाला. पाऊस आणि बर्फ एकत्र.

डिकीत पिंप आहे. का आणलं ते विचारू नये. ट्रेही आहे, ९१ गोळ्यांचा, फडक्याशिवाय.

आत जाऊन आलो. बोर्डापुढे लोकांना तीन मिनिटं बोलता येतं, त्यासाठी पॅमकडे चिठ्ठी द्यायची. पांढरा कागद, तीन ओळी: नाव, पत्ता, विषय. कुणी बनवलाय माहीत नाही, मी नाही. पेन निळं मिळालं. काळं मागितलं तर पॅम म्हणाली, काहीही चालतं.

लेनीचा पिकअप ट्रक दोन गाड्या सोडून उभा आहे. येणार म्हणाला नव्हता. दोघंही आत बसलेत, हीटर चालू, काच धुरकट. पोरीनं काचेवर बोटानं काहीतरी लिहिलंय, इथून वाचता येत नाही. टियानाचं पत्र आलंय त्यांना. शनिवारी आलं. लेनीनं फ्रिजवर लावलंय, तोच सांगत होता.

शि. दारापर्यंत आला, मला पाहिलं, हातानं खूण केली, चल मास्तर, कोरम झाला. नेहमीसारखी खूण. मीही नेहमीसारखा हात वर केला. सवयीनं.

६.२४. नाव लिहून झालं. पत्ता लिहून झाला. तिसरी ओळ, विषयाची, अजून कोरी आहे. पॅम म्हणाली होती, ती ओळ राहिली तरी मी घेईन.

पेन चालतंय, पाहिलं.